डब्याखालचा माझा नंबर

मंगळवारी खालापूरच्या कचेरीत जे पाहिलं, ते अजून नीट मांडता येत नाही... तरी क्रमाने लिहिते.

युद्ध संपलं तरी दूध पावडर सहज मिळत नाही. चौक गावच्या एका दुकानात मात्र 'बाळांसाठी शुद्ध दूध पावडर' असं लेबल असलेले डबे हवे तेवढे मिळत होते. इन्स्पेक्टरांनी नऊ डबे जप्त केले आणि जागेवर तपासायला प्रयोगशाळेतून मला बोलावलं.

चमचाभर पावडर गरम पाण्यात कालवली, निवू दिली, आयोडीनचे दोन थेंब टाकले. गडद निळा रंग... म्हणजे पिठाचा स्टार्च. दुधात तो नसतो. नऊही डब्यांत तेच.

"शेठ, ही म्हैस बांधता कुठं? गिरणीत?" इन्स्पेक्टर म्हणाले.

दुकानदाराने मान वर केली नाही. "रिकामे डबे भंगारात मिळतात साहेब. लेबल काय मी नाय छापलं."

धाड पडल्याचं ऐकून कोंडाणे गावची एक बाई तिचा डबा घेऊन आली होती. मांडीवर सात महिन्यांचं मूल, मनगट माझ्या अंगठ्याएवढं. ते रडतही नव्हतं.

"तुला शंका नाही आली?" मी विचारलं. जरा कडकच.

"कशी येनार बाई? खाली सरकारी नंबर हाय. शेठ म्हनला, नंबरवाला डबा सरकारनं तपासलेला. आमी घरची दुभती शेळी इकून चार डबं घेतलं."

मी डबा उलटा केला. पत्र्यावर सुईने कोरलेला आकडा... इंग्रजी सातावर आडवी रेघ. प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्याच्या डब्यांवर नंबर मी कोरते, आणि सात आणि एक यांत गोंधळ नको म्हणून तशी रेघ काढते. जप्त केलेले डबेही उलटे केले. त्यातले तीन माझेच निघाले.

आमच्याकडे नमुना तपासून झाला की डबा मागच्या खोलीत जातो, तिथून भंगारवाला नेतो. हे मला ठाऊक होतं. लेबल फाडावं, पत्रा ठेचावा, हे कधी सुचलं नाही.

"हा नंबर माझा आहे," मी तिला सांगितलं. "पण आत जे आहे ते मी तपासलेलं नाही." वाटलं, आता शिव्या देईल.

तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग आता काय पाजू, ते तुमीच सांगा."

मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे डॉक्टरांनी उकळलेलं दूध चमच्याचमच्याने पाजायला लावलं... निम्मं बाहेर आलं, निम्मं राहिलं.

डबे आमच्याच प्रयोगशाळेतून गेले, हे मी रिपोर्टात लिहिलं. त्या ओळीशिवायही खटला उभा राहतो, असं आमचे मोठे साहेब म्हणाले. मी ती ठेवली.

इन्स्पेक्टर चौकशीला कोंडाण्याला जाऊन आले, त्यांचे आभार. काल त्यांची चिठ्ठी आली... मूल आता मोठ्याने रडतं.