धुरातले बाबा

मंगळवारी बाबा गेले. तेरवीनंतर मी त्यांची जुनी फिल्मची रिळं आणि प्रोजेक्टर घेऊन रिळांचा व्हिडिओ करून घ्यायला चंद्रपुरातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे गेले. तरुणपणी बाबा अमेरिकेत पोलादाच्या एका शहरात शिकत होते, तेव्हा त्यांनीच ती रिळं चित्रित केली होती. त्यांत ते चालताना दिसावेत, एवढीच माझी आशा होती.

त्याने प्रोजेक्टर लावला. भिंतीवर नुसती धुराडी, मोटारी आणि बर्फ.

“बाई, धूर तर इथीबी हाय. बाबूजी येवढ्या दूर काऊन गेले?” तो मान खाजवत म्हणाला. “अन् दिसत काऊन नाई?”

“कॅमेरा त्यांच्याच हातात होता.”

तो हळहळला. “शूटिंगवाल्याचं नशीबच असं. माह्या बहिणीच्या लग्नात मीबी कुठीच नाई.”

आठवड्याने व्हिडिओ मिळाला. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत वारलेल्या आजोबांचा फोटो ढगांत तरंगवतात. त्याने बाबांचा हार घातलेला फोटो अमेरिकेच्या धुरात तरंगवला होता. भोवती गुलाबाच्या पाकळ्या, मागे सनई.

“हे काढून टाका,” मी चिडून म्हणाले.

“काढतो नं बाई. पण मंग बाबूजी कुठी दिसतीन?”

मी काही काढू दिलं नाही. बाबा दिसतात अशी माझ्याकडे आता तेवढीच एक फिल्म आहे.