सगळे फ्रिज चालू निघाले तेव्हा

३ मार्च २००९ रोजी गुरुजींनी मान्यतेच्या अर्जाबरोबर १८,७५० रुपये भरले, तेही तिसऱ्यांदा. एका गॅरेजात सुरू केलेल्या त्यांच्या फ्रिजदुरुस्तीच्या वर्गाचं पुढे तीन खोल्यांचं कॉलेज झालं, पण तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता काही मिळेना. पहिल्या वेळी वाचनालय नव्हतं, दुसऱ्या वेळी जिना अरुंद ठरला. मान्यता नाही म्हणून कारखाने मुलांची प्रमाणपत्रं बाजूला सारत.

"या खेपेला नाही झालं तर कुलूप," गुरुजींनी बायकोला सांगून टाकलं. खाली कॉलेज, वर संसार. ऑफिस तीच सांभाळायची.

तपासणी जवळ आली तसे गुरुजी कंबर कसून कामाला लागले. वर्कशॉपातले नऊच्या नऊ फ्रिज त्यांनी स्वतः दुरुस्त केले, पुसून लख्ख केले.

तपासणीला आलेल्या बाईंनी एकेक दार उघडून पाहिलं. "सगळे चालू?"

"एकूण एक!" गुरुजींची छाती फुगली.

"मग मुलं शिकतात कशावर? मला त्यांना दुरुस्ती करताना बघायचंय. एखादा बिघडलेला दाखवा."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. "एक बिघडवू का पटकन?"

"नाटक नको, सर."

तेवढ्यात दारातून बायको म्हणाली, "अहो, वरचा आपला आहे की! चार महिने नुसतं 'उद्या बघतो' चाललंय. गावाचे फ्रिज गार, आणि आमचं दूध शेजारी!"

"अगं, पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांनाच हवाय तो!"

जिना आता चांगला रुंद होता. मुलांनी फ्रिज अलगद खाली आणला. दार उघडलं तर आत इस्त्रीचे कपडे! बायकोनं त्याचं कपाट केलं होतं. बाईंनाही हसू आवरेना.

एका मुलीनं मीटर लावला, कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले जळालेला निघाला. दुसरीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा उधारीवर आणून बसवला. गुरुजींची जीभ नुसती वळवळत होती.

"सर, तुम्ही गप्प," बाईंनी बजावलं.

फ्रिज घुरघुरला. बाईंनी आत हात घालून गारवा पाहिला आणि मगच पेन उघडलं.

मान्यता पाच वर्षांची मिळाली. दूध आता घरातच राहतं. बायको कपड्यांसाठी कपाट मागते आहे. दुकानदाराचे रिलेचे १४० रुपये अजून द्यायचे आहेत.