सावित्रीतली मगर

बिरवाडीत चिकनच्या दुकानापुढून जाताना आतड्यांचा वास आला की मला तुडीलजवळचा सावित्री नदीचा काठ आठवतो. मगर जबडा उघडून पाण्याबाहेर येतानाचा फोटो मला हवा होता, म्हणून मी बादलीभर कोंबडीची आतडी काठालगतच्या पाण्यात ओतली. शेळीला पाणी पाजायला आलेली एक बाई ओरडली, "नको रे टाकू! आमाला रोज हितंच यायचं हाय." "एकदाच, मावशी," मी म्हणालो. तेवढ्यात पाणी उसळलं आणि मगरीने शेळीचा पुढचा पाय धरला. शेळी माणसासारखी किंचाळली. बाईने हाताला गुंडाळलेली दोरी सोडली नाही. ती गुडघ्यांवर फरफटत पाण्याकडे जाऊ लागली. "अरे, दोरी धर ना रे!" माझ्या डोळ्याला कॅमेरा होता आणि बोट बटणावरून निघत नव्हतं. मगरीने गिरकी घेतली, हाड मोडल्याचा आवाज आला, दोरी तुटली आणि पाणी लाल झालं. सोललेले तळवे पदरात धरून बाईने विचारलं, "आला का तुझा फोटू?" फोटो अप्रतिम आला होता. आजही घरी येणाऱ्यांना मी तो दाखवतो. फक्त त्यातून तिला कापून टाकलं आहे.