डॉक्टरला गाडी लागते

डॉक्टरने मेहुण्याची गाडी पेटवून दिली, ही बातमी दूधवाल्याच्या आधी घरोघरी पोचली. पेटलं-बिटलं काही नव्हतं. गॅरेजसमोर उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर मेहुण्याने रागाने दाबला आणि साठलेली काजळी अशी भसकन बाहेर आली, की समोरच्या बाईंना वाळत आलेली चादर पुन्हा भिजत घालावी लागली.

डॉक्टर म्हणजे गॅरेजवाला. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं इंजिनाला लावून डोळे मिटतो, म्हणून डॉक्टर. गल्लीने हा किताब चेष्टेत दिला, सासरने मात्र खराच मानला. सासऱ्यांकडे साधा पंखा घ्यायचा तरी आधी जावयाला विचारत. स्वतःच्या घरात त्याला भाजी कोणती करू हेही कोणी विचारत नसे, त्यामुळे हा एवढा मान तो जिवापाड जपत होता. मेहुण्याची ही टर्बोवाली जुनी डिझेल गाडीही त्यानेच पसंत केलेली. ‘डोळे झाकून घे,’ म्हणाला होता.

मेहुण्याने झाकले. आता गाडी चढावर धापा टाकत होती आणि सायकलवाले तिला मागे टाकून वर वळून बघत होते. इंजिनात हवा कोंबणारा टर्बोच गेला, असं कुण्या मित्राने त्याच्या डोक्यात भरवलेलं. संध्याकाळी तो हे वडिलांच्या कानावर घालणार होता.

डॉक्टर कामाला लागला. धूर निळा असता तर ऑइल जळतंय, पांढरा असता तर पाणी शिरतंय. हा काळा. म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. पण हवेचा फिल्टर स्वच्छ होता. टर्बोचा पंखा बोटाने फिरवला, तर जराही न डुगडुगता फिरला. नळी लावून ऐकलं, तर इंजिन शहाण्या बाळासारखं गुरगुरत होतं. स्वतः चढावर नेली. धूर दिसला, पण स्टिअरिंगमागे बसून बॉनेटखालचं काही ऐकू येईना.

मग दुसऱ्याला चालवू दे आणि तुम्ही ऐका, असं बायकोने सुचवलं. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. डॉक्टरला गाडी लागते. शेजारी बसला की दुसऱ्या वळणाला पोट ढवळतं. म्हणूनच आजवर तो गिऱ्हाइकांना ‘खरा आजार उभ्या गाडीतच कळतो’ हे तत्त्वज्ञान ऐकवत आलेला.

डॉक्टरीणबाईंनी किल्ली उचलली. त्या बोलतात तशीच गाडी चालवतात, मध्ये ब्रेक न लावता. मागे भाऊ, शेजारी नवरा, नवऱ्याच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि डोकं खिडकीबाहेर. अर्ध्या चढावर डॉक्टर पोपटी झाला आणि त्याच वेळी बॉनेटखालून ‘फुस्स’ ऐकू आलं. त्याने हात वर केला. आधी पिशवी उघडली, मग बॉनेट.

टर्बोकडून इंजिनाला हवा नेणाऱ्या जाड रबरी नळीला, ती घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्याच्या कडेने चीर गेली होती. उभ्या गाडीत ती ओठ मिटून बसायची, चढावर हवेचा दाब वाढला की आ वासायची. टर्बो ठणठणीत होता. पण पट्टा रबरात रुतलेला बघून डॉक्टरने पुन्हा पिशवी चाचपली. गाडी घेतली त्या दिवशी मेहुण्यासमोर रुबाब म्हणून त्यानेच तो आवळला होता, आणि आवळून झाल्यावर वर आणखी एक पीळ दिला होता.

जुन्या मालकाने केलं असेल, असं मेहुणाच म्हणाला. मान डोलावली की प्रकरण मिटत होतं. बायको टक लावून बघत होती. डॉक्टरने तोंड पुसलं आणि पट्टा मीच आवळला, असं सांगून टाकलं.

नवी नळी बसली. त्याच चढावर गाडी बिनधुराची सुसाट गेली. उतरताना मेहुण्याला हसू आवरेना. “मग भाऊजी, बाबांना काय सांगू? जावयानेच गाडीचा गळा आवळला?”

“खुशाल सांग,” डॉक्टर म्हणाला. “आणि हेही सांग, की जावयाने निवडलेली गाडी इतकी धडधाकट निघाली, की तिला बिघडवायलासुद्धा जावईच लागला.”