मिसेस घरीच असतात

वाचनालयात त्यांना सगळे अर्थमंत्री म्हणत. हे नाव पाडलं होतं निवृत्त पोस्टमनने, चिडवायला म्हणून. पण अर्थमंत्र्यांनी ते असं काही ऐटीत मिरवलं, की चिडवणाराच हिरमुसला. सकाळी नऊला वाचनालयाचं कुलूप निघालं, की खिडकीजवळचा बाक त्यांचा. चष्मा पुसायचा, पहिलं पान उलटून टाकायचं आणि थेट व्यापाराच्या पानावर जायचं. खिशात छोटी वही. तिच्यात विकासदर, आयात, निर्यात, बेरोजगारी असं सगळं बारीक, सुबक अक्षरात टिपलेलं.

मोजमापाशी त्यांचं नातं जुनं. विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं ते तपासणी विभागात होते. मीटर पुढे पळतोय की मागे रेंगाळतोय ते बघायचं आणि बरोबर असला तरच पुढे जाऊ द्यायचा. साहेबाने दटावलं तरी खोटा मीटर त्यांनी कधी पास केला नाही, हे त्यांच्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. मग बाहेरून स्वस्त मीटर यायला लागले. कारखान्याची एक पाळी बंद झाली, नंतर दुसरी, आणि दोन वर्षांपूर्वी फाटकाला साखळी लागली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवं काम कोण देतो? एका गोदामात पहारेकऱ्याची जागा होती. “मी तपासनीस होतो,” एवढं तिथे सांगून ते परत आले आणि वाचनालयात रुजू झाले.

“देश पुढे गेलाय, तुम्ही काही म्हणा,” पोस्टमन रोज सुरुवात करायचा. “मी नोकरीत होतो तेव्हा आठवड्याला चार पार्सलं. आता पोरं पोती भरभरून वाटतात.”

“पोत्यात काय असतं ते बघितलंस का? सगळा बाहेरचा माल. आपण फक्त दार उघडायचं आणि सही करायची.”

“पण सरासरी उत्पन्न वाढलंय ना? छापून आलंय.”

“तुझ्या डोक्यावर एक केस नाही, माझ्या डोक्यावर जंगल आहे. सरासरी काढली तर दोघंही अर्धे टकले. जा, भांग पाड.”

बाक हसायचा. पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या बाई “हळू, हळू” म्हणायच्या, पण त्यांचाही कान तिकडेच असायचा. असा दिवस गेला, की अर्थमंत्री घरी जाताना जरा ताठ चालायचे.

अशाच एका सकाळी टीव्हीच्या वाहिनीवरची एक मुलगी आली. ‘देश पुढे गेला का?’ असा चर्चेचा कार्यक्रम होता. दोन्हीकडची जाणती माणसं होतीच, समोर बसायला आणि बोलायला एक सामान्य माणूस हवा होता.

“हे घ्या,” पोस्टमनने बोट दाखवलं. “यांच्याइतका सामान्य तुम्हाला औषधालासुद्धा मिळणार नाही.”

मुलीने दोन प्रश्न विचारले, अर्थमंत्र्यांनी दहा मिनिटं उत्तर दिलं. तिने त्यांचा नंबर घेतला.

घरी त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला समोर बसवून सगळे मुद्दे ऐकवले. ती स्वतःचे पाय चेपत बसली होती. शेवटी म्हणाली, “एवढे आकडे कशाला? घरातलं सांगा. लोकांना ते कळतं.”

“घरातलं म्हणजे काय?”

“जे आहे ते.”

त्यावर त्यांनी वही मिटली आणि पाणी प्यायला उठले.

घरात जे होतं ते असं. कारखाना बंद झाल्यावर तीनच महिन्यांनी बायकोने काम धरलं होतं. बसने चाळीस मिनिटांवर, बंगल्यांच्या वस्तीत, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीचं सगळं करायचं: अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, भांडं देणं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. घर त्यावर चालत होतं. अर्थमंत्र्यांची एकच अट होती, की गल्लीत कळता कामा नये. म्हणून गल्लीला सांगितलं होतं, की तिची बहीण आजारी आहे. दोन वर्षं ही बहीण ना उठून बसत होती, ना सुटत होती.

“परवा शेजारीण विचारत होती, तुमच्या बहिणीला नक्की झालंय काय?” बायको एकदा सांगत होती. “म्हटलं, बाई, डॉक्टरांनाच कळत नाही.” आणि ती हसली होती. अर्थमंत्री हसले नव्हते.

चित्रीकरणाच्या दिवशी तिने त्यांच्या निळ्या शर्टाला कडक इस्त्री करून दिली. स्टुडिओत इतकी थंडी होती, की त्यांना वाटलं, मांस ठेवायची जागा असावी. एका माणसाने त्यांच्या कपाळाला पावडर लावली. त्यांना पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. व्यासपीठावर एका बाजूला सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते, दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्राच्या प्राध्यापक बाई. बाईंच्या पुढ्यात कागद होते आणि त्यांवरचे बरेचसे आकडे अर्थमंत्र्यांच्या वहीतही होते. त्यांना मनातून फार बरं वाटलं.

पाऊण तास खडाजंगी झाली. बाई म्हणत होत्या, कारखाने बंद पडले, त्यातली माणसं कुठे गेली, याची कुणी मोजदादच केली नाही. प्रवक्ते म्हणत होते, माणसं नव्या कामांत सामावली गेली, आज एकही घर पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत नाही. “एक तरी घर दाखवा!” ते गरजले.

निवेदकाने तिथेच चर्चा थांबवली आणि माईक घेऊन खाली उतरला. “आपल्यात असं एक घर आहे. काका, तुमचा कारखाना बंद झाला ना?”

अर्थमंत्री उभे राहिले. वही उघडली. “प्रथम मी आयातीच्या आकडेवारीकडे...”

“आकडे राहू द्या, काका. तुमचं घर कसं चाललंय, तेवढं सांगा.”

उत्तर जिभेवर होतं. माझी बायको दुसऱ्याच्या आईचं हगणं-मुतणं काढते, त्यावर माझं घर चालतं. एवढ्या एका वाक्याने प्रवक्त्यांची बोलती बंद झाली असती. वहीतल्या सगळ्या पानांनी मिळून जे होणार नव्हतं, ते या वाक्याने होणार होतं, आणि सव्वीस वर्षं खरं-खोटं तपासलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, पावडर लावलेला, मोठ्या माणसासारखा. लेकीच्या सासरी हा कार्यक्रम बघणार होते. तपासणी विभागातली माणसं बघणार होती. गल्ली तर बघणारच होती.

“घरी तसं काही कमी नाही,” ते म्हणाले. आणि कुणी विचारलंही नसताना पुढे म्हणाले, “मिसेस घरीच असतात.”

आयुष्यात त्यांनी बायकोला कधी मिसेस म्हटलं नव्हतं.

“ऐकलंत?” प्रवक्ते जवळजवळ उठलेच. “कारखाना बंद झाला, तरी या गृहस्थांच्या पत्नीला घराबाहेर पाऊल टाकावं लागत नाही! याला म्हणतात भक्कम पाया!” टाळ्या पडल्या. प्राध्यापक बाईंनी अर्थमंत्र्यांकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी सहाला कार्यक्रम लागला. आपला तुकडा कापला असेल, अशी आशा ते शेवटपर्यंत धरून होते. तो कापला तर नव्हताच, उलट जाहिरातींच्या आधी दोनदा दाखवला. लगेच लेकीचा फोन आला. “बाबा, काय छान दिसलात! सासूबाई म्हणाल्या, तुझी आई नशीबवान हो.”

बायको पावणेआठला आली. चप्पल काढली, हात-पाय धुतले, पदराला तोंड पुसत त्यांच्यासमोर बसली. आरडाओरडा झाला असता तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

“तू पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मीच सांगितलं होतं बंगल्यात, आमचे हे येणार आहेत म्हणून. म्हातारीच्या सूनबाईंनी टीव्ही मुद्दाम तिच्या खोलीत आणून लावला, मला काम सोडून उठायला नको म्हणून. नातवंडंसुद्धा येऊन बसली.”

“मग?”

“मग काय? मी तिला पुसत होते. हात भरलेले. तुम्ही म्हणालात, मिसेस घरीच असतात. धाकटा नातू म्हणाला, मावशी, मग तू कोण?”

अर्थमंत्र्यांनी मान खाली घातली.

“सूनबाईंनी त्याला दटावलं. मला म्हणाल्या, मनावर घेऊ नका, पुरुष असंच बोलतात. त्यांनाच बिचाऱ्यांना ओशाळल्यासारखं झालं. तुमच्या वतीने.” ती उठली. “भूक लागली असेल. जेवायचं बघते.”

दुसऱ्या दिवशी वाचनालयात पोस्टमनने बाकावरून उठून त्यांना जागा दिली. “या, या! पक्षांतर केलंत म्हणे! आता खातं कुठलं मिळणार?” बाक खदखदून हसला, अर्थमंत्रीही हसले. पोस्टमन जिंकला होता, पण त्यालाही त्यात गोडी वाटत नसावी, कारण थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “अहो, पण सरासरीचं तुम्ही जे सांगत होता, ते तिथे का नाही सांगितलंत?” अर्थमंत्र्यांनी पान उलटलं. त्या दिवशी वही खिशातून निघाली नाही.

शनिवारी सकाळी, बायको निघायच्या गडबडीत असताना, त्या वाहिनीवरच्या मुलीचा फोन आला. अर्थमंत्र्यांना बारीक आवाज ऐकू येत नसे, म्हणून फोनचा स्पीकर चालूच असायचा.

“काका, तुम्ही गाजलात हं! आम्ही ‘समाधानी नागरिक’ म्हणून नवीन मालिका करतोय. पहिला भाग तुमच्यावर. मंगळवारी दुपारी येतो घरी. काकू घरीच असतात ना? त्या आरामात बसल्यात, झाडांना पाणी घालतायत, असं थोडं घेऊ.”

“मी... मी सांगतो तुम्हाला,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. “झाडं कुठे आहेत आपल्याकडे?” तिने विचारलं.

“एक दिवस सुट्टी मिळणार नाही का तुला?” हे आपणच बोललो, यावर त्यांचा विश्वास बसेना.

बायकोने पिशवी खाली ठेवली. “सुट्टी मिळेल. सूनबाई चांगल्या आहेत, मागितली तर देतील. कशासाठी हवी, ते मात्र मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगा. नंबर देते. नाहीतर या पोरीला सांगा, मंगळवारी दुपारी तिकडेच या. म्हातारीच्या खोलीत उजेड चांगला येतो.” आणि तिने फोन उचलून त्यांच्या हातात दिला. “माझी बस जाईल. लवकर काय ते करा.”

अर्थमंत्र्यांनी फोन लावला.

“बोला काका! मंगळवार नक्की?”

“माझी बायको घरी नसते,” ते म्हणाले. “ती कामाला जाते. एका आजारी बाईंचं सगळं करते. दोन वर्षं घर तिच्याच जिवावर चाललंय. मी कार्यक्रमात खोटं बोललो.”

बोलून झाल्यावर त्यांना भीती वाटली, आणि कुठेतरी आशाही वाटली. आता खळबळ उडेल. आता बोलावतील पुन्हा. खरं सांगा म्हणतील.

“अच्छा,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला नव्हता. “मग ते आपल्या विषयात बसत नाही, काका. बेरोजगारीवर आमचा भाग झाला मागच्या महिन्यात. ठीक आहे, राहू द्या. बरं, तुमच्या ओळखीत दुसरं कुणी आहे का? समाधानी असं? मिसेस वगैरे घरी असलेलं?”

“थांबा हं,” अर्थमंत्री म्हणाले, “आठवतो.”

आणि ते खरोखरच आठवू लागले. पोस्टमन चालेल का? त्याला निवृत्तिवेतन आहे, बोलायलाही बरा आहे. त्याची बायको मात्र... तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. बायको अजून तिथेच उभी होती, पिशवी खांद्याला लावून. चेहऱ्यावर राग नव्हता. नुकतीच बदललेली चादर म्हातारीने पुन्हा ओली केली, की ती तिच्याकडे जशी बघत असेल, तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

“काका? आहात ना?” फोन विचारत होता.