चेंडूपुढे धरलेली टोपी

सामना ऐन रंगात आला, चेंडू हवेत गेला आणि आपण सगळे माना वर करून बघायला लागलो, की नेमकी त्याच क्षणी काकांची टोपी आपल्या डोळ्यांपुढे यायची. करड्या लोकरीची, पुढे छोटी चोच असलेली, इंग्लंडातले म्हातारे घालतात तसली. ती आडवी धरून ते चेंडू झाकायचे.

"चेंडू काय, सगळं गाव बघतंय. तू खाली बघ. पायांकडे बघ."

शेजारी उभ्या असलेल्या माणसाला याचा राग यायचा. मला तर फारच यायचा, कारण तो चेंडू बहुतेक वेळा माझ्या मुलीने फेकलेला असायचा.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. लग्नात सगळे नवरानवरीकडे बघत असताना हा मांडवाचे खांब हलवून बघत असतो. आमचे काका त्यातले. दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनच्या बाहेर, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटांवर एक मैदान आहे. तिथे शनिवारी मुली-बायकांचा अमेरिकन फुटबॉलचा सराव चालतो. माझी सई तिथे खेळते, म्हणून मी तिथे. मुलगी बॅडमिंटन खेळेल अशी माझी साधी अपेक्षा होती. ती डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर कासवासारखं कवच घालून उभी राहिली, तेव्हा पुण्यात फोनवर आईला काय सांगायचं हा प्रश्न मला पडला होता.

पहिल्याच शनिवारी मी सईवर मराठीत ओरडलो, "अगं, जॅकेट घाल!" तेव्हा मैदानाच्या पलीकडून मराठीतच उत्तर आलं, "पळते आहे ती, तिला कशाला थंडी? थंडी तुला वाजतेय." मी वळून पाहिलं. सत्तरी ओलांडलेला, दारात मावणार नाही असा रुंद माणूस, हातात पाण्याच्या बाटल्यांची टोपली.

काका मुंबईचे. मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, बेने इस्राएल समाजातले. ऐन विशीत इकडे आले, बसच्या डेपोत मेकॅनिक झाले आणि तिथेच निवृत्त झाले. इथल्या टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा दिसायला लागला, तेव्हा डेपोतल्या दांडग्या पोरांनी एक टीम काढली. काका त्या टीमच्या ओळीत खेळले. ओळ म्हणजे काय ते सांगतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे धिप्पाड खेळाडू वाकून उभे राहतात आणि समोरून धावून येणाऱ्यांना अडवतात. चेंडू घेऊन पळणं, झेलणं, लोकांनी नाव घेऊन ओरडणं, यातलं काही त्यांच्या वाट्याला येत नाही. आमच्याकडे या ओळीला शिकवायचं काम काका करायचे, हौसेने, वर्षानुवर्षं.

बायको गेल्यापासून त्यांच्या घरात मराठी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगा इंग्रजीत वाढलेला. त्यामुळे मी सापडल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि स्वच्छ होतं. मी "ॲक्च्युअली" म्हटलं की ते दर वेळी विचारायचे, "आणि खरं म्हणजे काय?"

त्यांची एक रीत मला खटकायची. सामना संपला की कोणीतरी पास्ता, कोणीतरी समोसे आणायचं. ताटल्या मात्र काकाच वाढणार. पहिल्या ताटल्या ओळीतल्या मुलींना, मग बाकीच्यांना आणि सगळ्यात शेवटी क्वार्टरबॅकला. सई बिचारी भुकेने कळवळत उभी असायची.

"काका, मला भूक लागली आहे!"

"लागू दे. ज्यांनी तुला उभं ठेवलं, त्यांना आधी खाऊ दे."

सई हसायची. मी हसायचो नाही. सामना जिंकून दिला माझ्या मुलीने आणि ती रांगेत शेवटी, हे मला मनातून पटायचं नाही. लहान मनाचा म्हणा हवं तर, पण बाप होतो.

आता मूळ गोष्ट. दक्षिण लंडनमधल्या चार छोट्या क्लबांनी मिळून एक शरद ऋतूतली स्पर्धा सुरू केली होती. दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी नव्या, कुठल्याच क्लबात नसलेल्या मुलींची एकत्र चाचणी व्हायची आणि मग प्रत्येक संघाने पाळीपाळीने एकेक मुलगी निवडायची. आदल्या वर्षी शेवटी आलेल्या संघाची पाळी पहिली. आम्ही शेवटी आलो होतो. निवड करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा व्यवसाय आकड्यांचा आणि चाचणीचा तक्ता मीच लॅपटॉपवर केला होता. धावण्याची वेळ, उडीची उंची, किती झेल घेतले, सगळे रकाने रंगीत.

त्या तक्त्यात एमा नावाची मुलगी सगळ्यात वर होती. हरणासारखी पळायची आणि आलेला चेंडू सोडायची नाही. सगळ्यात खाली ग्रेस होती. वृद्धाश्रमात काम करणारी, तिशीची, थोराड बाई. धावण्यात शेवटची. झेल तिने घेतलेच नव्हते, त्यामुळे तिचे निम्मे रकाने रिकामे होते.

निवडीच्या आधी काकांनी मला क्लबहाऊसच्या दाराशी गाठलं.

"पहिल्या पाळीत ग्रेसला घे."

"काका, पहिल्या पाळीत ओळीतली मुलगी कोणी घेत नाही. ती मला तिसऱ्या पाळीतही मिळेल."

"तिचे पाय बघितलेस? म्हाताऱ्यांना खाटेवरून उचलते ती. आधी पाय रोवते, मग हात लावते. हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात."

"पण ते शिकवता येतं ना? वेग शिकवता येत नाही."

"सई उजव्या हाताने फेकते," काका म्हणाले. "फेकताना तिची पाठ डावीकडे उघडी पडते. तिकडून कोण येतंय ते तिला दिसत नाही. तिथे माणूस नको?"

माझा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, हे आजही मी म्हणेन. मोठमोठे लोक यावर वाद घालतात. पण माझ्या निवडीमागे तो मुद्दा नव्हता. सईने फेकलेले चेंडू आमच्या मुली सोडायच्या आणि लोकांना वाटायचं सईच वाईट फेकते. मला ते सहन होत नव्हतं. माझ्या मुलीचे चेंडू झेलणारी कोणीतरी मला हवी होती. मी एमाला घेतलं. दुसऱ्या पाळीपर्यंत ग्रेस गेली होती, शेजारच्या संघाने तिला उचललं. काकांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

पुढचे तीन सामने आम्ही जिंकलो. सई फेकायची, एमा झेलायची. मी तक्त्याकडे बघून खूश व्हायचो आणि काकांकडे बघायचं टाळायचो. ते मात्र डाव्या टोकाला उभ्या असलेल्या आमच्या कोवळ्या मुलीला घेऊन दर सरावानंतर जास्तीचा अर्धा तास थांबायचे. "वाक. अजून वाक. पाय लांब ठेव."

चौथ्या सामन्यात सईने आयुष्यातला सगळ्यात लांब चेंडू फेकला. तो वर गेला, वाऱ्यावर थोडा कलला आणि एमाच्या हातात अलगद उतरला. मी उड्या मारत होतो. टाळ्या वाजवत होतो. शेजारच्या अनोळखी माणसाला मी मिठीही मारली. मग माझ्या लक्षात आलं, की काका शेजारी नाहीत. तो एवढा मोठा माणूस, दुखऱ्या गुडघ्यांचा, मैदानाच्या मध्याकडे धावत होता. तिथे माझी मुलगी पडली होती.

ती पडताना मी पाहिली नाही. मी टाळ्या वाजवत होतो.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलच्या ए अँड ईच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, बाकावर आम्ही चार तास बसलो. सईला आत एक्सरेला नेलं तेव्हा मी म्हणालो, "काका, तुम्ही सांगितलं होतं." ते "सांगितलं होतं" म्हणतील अशी माझी तयारी होती. किंबहुना म्हणावं अशी इच्छा होती.

काका टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या डेपोच्या टीममध्ये माझा एक दोस्त क्वार्टरबॅक होता. मी त्याच्या डाव्या बाजूला. एकदा त्याने असाच झकास चेंडू फेकला. मी मान वळवली. कुठे गेला ते बघायला. एवढंच. माझ्या बगलेखालून एक जण आत घुसला. गुडघा गेला त्याचा. पुन्हा नीट चालला नाही. शेवटपर्यंत मला म्हणायचा, काय फेकला होता रे मी! आणि मी म्हणायचो, हो, काय फेकला होता."

त्या टोपीचा मला नंतर कधीच राग आला नाही.

"मी एलियाहू हन्नबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोललोय," उठताना ते म्हणाले. "पोरगी बरी झाली, की मलिदा करीन."

सईचा हात झोळीतून निघाला त्या रविवारी त्यांनी नवस फेडला. त्यांच्या छोट्या घरात सगळा संघ दाटीवाटीने बसला. परातीत तो मलिदा: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम आणि वर सोललेली फळं. काकांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली आणि शेवटी मराठीत, अगदी हळू, "पोरीला सांभाळ" असं म्हणाले. ग्रेसलाही त्यांनी बोलावलं होतं. ती दुसऱ्या संघाची, पण पहिली वाटी तिला. मग ओळीतल्या बाकीच्या. सई सगळ्यात शेवटी. त्या दिवशी मला ते बरोबर वाटलं.

सईने पुन्हा खेळायचं ठरवलं, तेव्हा घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. माझी बायको म्हणाली, आता बस झालं. मलाही तेच वाटत होतं. सई म्हणाली, "बाबा, मी नाही सोडणार. डोन्ट आस्क मी टू." काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मुलीला घरी बसवणं हा एक उपाय आहे. दुसरा तुझ्या हातात आहे."

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे निवडीतून आलेल्या मुलींची एक वर्षाने पुन्हा निवड व्हायची. त्या उन्हाळ्यात काका आजारी पडले होते, हॉस्पिटलच्या खाटेवर होते. सई नसताना आम्ही पुन्हा शेवटी आलो होतो, म्हणून क्लबहाऊसमध्ये पहिली पाळी आमचीच आली. मी लॅपटॉप उघडलाच नाही. "ग्रेस," म्हणालो. खोलीत हसू उमटलं. एमा समोर असताना हा माणूस ओळीतली बाई घेतोय! एक जण म्हणालाही, "मेट, आर यू शुअर?" एमा लगेच दुसऱ्या संघात गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

बाहेर येऊन मी काकांना फोन लावला.

"कोणाला घेतलंस?"

"ग्रेसला. पहिल्या पाळीत."

"पाय बघितलेस?"

"बघितले."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. "ॲक्च्युअली, फार ठीक आहे." आणि स्वतःच हसले. हसता हसता लागलेला खोकला थांबेना, म्हणून नर्सने फोन घेतला.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच ते गेले. त्यांच्या रीतीप्रमाणे दुसऱ्याच दिवशी दफन झालं. मुलाने इंग्रजीत दोन शब्द सांगितले. मी माती लोटली आणि माझ्याशी आता या गावात मराठीत भांडणारं कोणी नाही, हे लक्षात येऊन मला रडू आवरेना.

पहिला सामना भर उन्हात होता. ग्रेस डाव्या टोकाला वाकून उभी राहिली. सईने मागे चार पावलं घेतली आणि हात उगारला. माझ्या मुठीत खेळाडूंच्या यादीचा कागद होता. चेंडू सुटला तसा मी तो डोळ्यांपुढे आडवा धरला.

खाली ग्रेसचे पाय रुतलेले दिसले. समोरची मुलगी तिच्यावर येऊन आदळली, मग बाजूने वळसा घालू लागली. ग्रेसचे पाय तिच्याबरोबर सरकले, लहान लहान पावलांनी, मान न वळवता. लोक ओरडले. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी कागद खाली घेतला नाही.

सामना संपल्यावर ताटल्या मी वाढल्या. शेवटची ताटली घ्यायला सई आली. कपाळावर घाम, गाल लाल, दोन्ही हात धड.

"बाबा, तो लाँग थ्रो बघितलास ना? काय कॅच होता!"

"नाही बघितला," मी म्हणालो. "तू उभी होतीस, ते बघितलं."