आमच्या घरमालकांचे पाय

चेन्नईच्या तांबरम भागातल्या आमच्या घरमालकांइतका हट्टाने नम्र असणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गिंडीतल्या एका कारखान्याचे ते मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले. पण स्वतःच्या तीन मजली घरात राहायचे ते तळमजल्यावरच्या मागच्या खोल्यांत, पाण्याच्या पंपाशेजारी. लग्नाला गेले की शेवटच्या पंगतीला बसणार, मग रसम संपलेलं असलं तरी चालेल. लिफ्टपाशी ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत सगळ्यांना आत घालायचे आणि दार बंद झालं की बाहेर एकटेच समाधानाने उभे. चर्चमध्ये ते सर्वांत आधी पोचून शेवटचा बाक धरत, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांना सगळ्यांदेखत पुढे जाऊन बसावं लागे.

मी मूळचा साताऱ्याचा, पेरुंगुडीत नोकरीला. मला या प्रकाराचं फार कुतूहल. एकदा विचारलंच, “अंकल, हे सगळं कशासाठी?”

“तंबी, आमच्या प्रभूने कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. मग मी कुठली मोठी खुर्ची अडवू?” मला ते लाडाने तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

पुढे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला चर्चमध्ये नेलं. त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. पाण्याची बादली आणि टॉवेल सांभाळण्याचं काम दरवर्षी अंकलचं. नेमका बारावा माणूस तापाने आला नाही. फादरनी गुडघ्यांवर बसूनच बाराव्या, रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “अंकल, तुम्ही बसा.”

अंकलचा चेहरा उतरला. “मी नको, फादर. दुसरं कुणी बघा.”

फादर गुडघ्यांवर तसेच थांबले. सगळं चर्च वळून बघू लागलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने त्यांच्या पत्नीचा, आंटींचा, आवाज आला, “बसा की हो!”

अंकल बसले. त्यांनी मोजा काढला. साखरेच्या आजारात त्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती, आणि आंटींखेरीज कुणाला त्याचा पत्ता नव्हता. फादरनी तो पाय ओंजळीत घेतला आणि सावकाश पाणी ओतलं. अंकल डोळे मिटून लहान मुलासारखे रडत होते.

घरी येताना ते म्हणाले, “दुसऱ्याचे पाय धुणं सोपं आहे रे. तिथेही मोठे आपणच असतो. आपला पाय पुढे करायचा, तर मात्र काही शिल्लक राहत नाही.”

आता मी कंपनीजवळच्या फ्लॅटमध्ये राहतो. परवा आंटींचा फोन आला होता. अंकलना हल्ली चालवत नाही, त्या सांगत होत्या. पण कुणी उचलून खुर्चीत बसवलं, तर आता ते नको म्हणत नाहीत.